पोस्टरवरच्या नावाची खरी किंमत किती?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकमधले तिघे मित्र मिळून पहिलाच मराठी चित्रपट करताहेत. कथा तयार आहे, पैसा जेमतेम आहे. एका वितरकाने त्यांना सांगितलं की एखादं मोठं नाव घ्या, नाहीतर थिएटरात कुत्रंसुद्धा फिरकणार नाही. ते नाव घेतलं तर जवळजवळ निम्मं बजेट एका माणसाच्या मानधनात जातं. लोक खरोखर नट बघून चित्रपट ठरवतात का, आणि ठरवत असतील तर एवढे पैसे ओतण्याइतके ठरवतात का?

मी थिएटरच्या धंद्यातला माणूस. आधी एका जुन्या, एकाच पडद्याच्या थिएटरात बुकिंग सांभाळलं, आता नाशिक जिल्ह्यातल्या काही पडद्यांवर कोणत्या आठवड्यात काय लावायचं ते ठरवण्याचं काम करतो. त्यामुळे माझं उत्तर गल्ल्याच्या बाजूने येणार, समीक्षकाच्या बाजूने नाही. नटाचा प्रभाव पडतो, भरपूर पडतो. पण तो प्रेक्षकावर पडण्याआधी माझ्यावर पडतो, आणि या धंद्यातली निम्मी गंमत तिथेच आहे.

चित्रपट शुक्रवारी लागतो, पण त्याचे खेळ मंगळवार-बुधवारी ठरतात. त्या दोन दिवसांत वितरकांचे फोन सुरू असतात. प्रत्येकाला संध्याकाळचा सातचा आणि रात्रीचा दहाचा खेळ हवा असतो, आणि पडदे तर मोजकेच. तेव्हा आमच्यासमोर चित्रपट नसतो. आम्ही तो पाहिलेला नसतो, बऱ्याचदा वितरकानेही धड पाहिलेला नसतो. समोर असतो ट्रेलर, गाणी किती वाजताहेत त्याचा अंदाज, बॅनरचं म्हणजे निर्मिती संस्थेचं नाव आणि पोस्टरवरचा चेहरा. मोठा नट असला की दिवसाला पाच-सहा खेळ विनातक्रार निघतात. नवखे चेहरे असले की सकाळी साडेदहा आणि दुपारी तीन. मग शनिवारी संध्याकाळी सिडकोतलं एखादं कुटुंब मोबाईलवर बघतं, सातला काय आहे? तिथे मोठ्या नावाचाच चित्रपट असतो, कारण तो मीच तिथे ठेवलेला असतो. ते कुटुंब तोच बघतं, आणि आकडे आले की सगळे म्हणतात, बघा, लोक नट बघून येतात. अहो, त्यांच्यापुढे दुसरं वाढलंच कुठे होतं?

मराठी चित्रपटांच्या खेळांवरून २०१५ साली एवढं रण पेटलं ते याचमुळे. सरकारने मल्टिप्लेक्सना मराठी चित्रपट प्राइम टाइममध्ये दाखवायला सांगितलं, आणि वादावादीनंतर प्राइम टाइम म्हणजे दुपारी बारा ते रात्री नऊ असं ठरलं. आता दुपारी साडेबाराचा खेळ कामाच्या दिवशी कोण बघतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. नियमही पाळला जातो आणि सातचा खेळही मोठ्या नावाकडे राहतो.

तर तुमच्या वितरकाचं म्हणणं अगदीच पोकळ नाही. नाव असलं तर तुम्हाला दार उघडून मिळतं, चांगली वेळ मिळते, पेपरात चार ओळी जास्त मिळतात. पुढे काय होतं ते मात्र त्याने सांगितलेलं नाही.

पुढे येतो सोमवार. आमच्या धंद्यात चित्रपटाचा निकाल सोमवारी लागतो. शुक्रवार, शनिवार, रविवार नटाच्या नावावर निघतात; सोमवारी सकाळच्या खेळाला किती डोकी आली त्यावरून पुढच्या आठवड्याचं कळतं. शुक्रवारच्या निम्म्याच्या वर गल्ला राहिला तर आम्ही खुश. त्याखाली गेला की बुधवारपर्यंत खेळ कापायला सुरुवात. या कात्रीपुढे कुणाचंही नाव टिकत नाही. २०१८ च्या दिवाळीला आलेला 'ठग्ज ऑफ हिंदोस्तान' आठवा. अमिताभ आणि आमिर पहिल्यांदा एकत्र, त्यात दिवाळीची सुट्टी. पहिल्या दिवशी देशभरात सुमारे ५० कोटी, म्हणजे तोपर्यंतच्या हिंदी चित्रपटांतली सर्वांत मोठी सलामी. आणि अख्ख्या प्रवासाचा आकडा दीडशे कोटींच्या आसपास. एकूण धंद्याचा तिसरा हिस्सा एकाच दिवसात आला, कारण पहिल्या खेळातून बाहेर पडलेल्यांनी घरी फोन केले. दोन एवढी नावं मिळून लोकांना पहिल्या दिवशी आणू शकली, दुसऱ्या दिवसापासून त्यांना दाराशी धरून ठेवू शकली नाहीत.

मग निर्माते तरीही नावाच्या मागे का धावतात? मल्टिप्लेक्सबरोबरच्या वाटणीत त्याचं उत्तर आहे. २००९ साली निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांचं भांडण होऊन दोन महिने नवे हिंदी चित्रपट लागलेच नव्हते. ते मिटलं तेव्हा वाटा ठरला: पहिल्या आठवड्यात निव्वळ गल्ल्याचे ५० टक्के वितरकाला, दुसऱ्या आठवड्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढे ३०. म्हणजे तेच तिकीट पहिल्या आठवड्यात विकलं गेलं तर वितरकामार्फत निर्मात्याकडे जास्त पैसे जातात. पहिल्या आठवड्यात गर्दी खेचायची तर ओळखीचा चेहरा लागतो. हे गणित मोठ्या हिंदी चित्रपटाला लागू पडतं, कारण तो एकाच वेळी हजारो पडद्यांवर उतरतो. पहिल्या तीन दिवसांत तेवढ्या खुर्च्या भरायला तेवढं मोठं नाव हवं. तुमचा चित्रपट महाराष्ट्रात समजा दीड-दोनशे पडद्यांवर लागणार. तुम्हाला पहिल्या शुक्रवारपेक्षा दुसरा शुक्रवार महत्त्वाचा आहे.

आता प्रेक्षकाकडे वळू. 'लोक' असं एकच काही नसतं, निदान आमच्या जिल्ह्यात तरी नाही.

मालेगावला चला. तिथे यंत्रमाग शुक्रवारी बंद असतात, कामगारांची सुट्टी त्या दिवशी. म्हणजे चित्रपट लागतो तोच सुट्टीचा दिवस. पहिल्या दिवसाच्या पहिल्या खेळाला तिथे जी गर्दी होते ती नाशिकच्या मल्टिप्लेक्सवाल्याने स्वप्नातही पाहिलेली नसेल. २०२३ च्या दिवाळीत 'टायगर ३' चालू असताना चाहत्यांनी थिएटरच्या आत फटाके फोडले, रॉकेट सोडले, पोलिसांत गुन्हा दाखल झाला, शेवटी खुद्द सलमानला असं करू नका म्हणून सांगावं लागलं. त्या प्रेक्षकाला चित्रपट कसा आहे हे विचारून उपयोग नाही. तो सलमानला भेटायला आलेला असतो. ज्या गावाने मोठमोठ्या नटांसारखे दिसणारे लोक उभे करून स्वतःचे नकली 'शोले' काढले, तिथे नट हाच चित्रपट. तुमच्या त्या वितरकाने धंदा अशा गावांच्या जिवावर केला असेल तर तो असंच बोलणार.

नाशिक शहरात चित्र वेगळं. सातपूर-अंबडच्या बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी शनिवारी, त्यामुळे सिडको आणि इंदिरानगरकडच्या पडद्यांना शनिवार जड असतो. तोवर शुक्रवारी बघून आलेल्यांचं मत कंपनीच्या बसमध्ये, जेवणाच्या सुट्टीत फिरून झालेलं असतं. कॉलेज रोडची मुलं शुक्रवारीच येतात, पण ती नट बघून येतात असं म्हणण्यापेक्षा रील बघून येतात म्हणा; गाण्याचा एक तुकडा महिनाभर मोबाईलवर वाजलेला असतो. रविवारी येतात कुटुंबं, आणि तुमचा मराठी चित्रपट चालणार की पडणार ते ही कुटुंबं ठरवणार.

चौघांचं कुटुंब मॉलमध्ये चित्रपटाला गेलं तर तिकिटं, गाडी लावायचे पैसे, मध्यंतरातले पॉपकॉर्न, येताना बाहेर जेवण धरून दोन हजारांची नोट मोडते (नोट राहिली नाही, खर्च राहिला). एवढा खर्च कोणी एकटा ठरवत नाही. आजीला चालेल का, मुलांसमोर काही नको ते दाखवणार तर नाहीत ना, रडकं आहे का, हे सगळे प्रश्न घरात होतात. इथे नट कामाला येतो, पण चाहते म्हणतात त्या अर्थाने नाही. द्राक्षं घेताना एक मणी तोंडात टाकून बघता येतो, चित्रपटाला ती सोय नाही. आधी पैसे, मग चव, आणि आंबट निघाला तर परतावा नाही. म्हणून घरातली बाई पोस्टरवरचा चेहरा बघून आत काय असेल याचा अंदाज बांधते. अशोक सराफ म्हटलं की सगळ्यांनी मिळून हसायचं. दादा कोंडके म्हटलं की काय असणार हे दाराबाहेरच कळायचं. ज्याला नको तो यायचाच नाही, आणि ज्याला हवं तो पुन्हा पुन्हा यायचा. दादांचे एकामागोमाग नऊ चित्रपट रौप्यमहोत्सवी झाले आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली, त्यामागे लोकप्रियता होतीच, पण हा दिलेला आणि पाळलेला शब्दही होता.

हा शब्द मोडला की मोठ्यातलं मोठं नावसुद्धा तोंडावर आपटतं. २०१७ हे एकच वर्ष घ्या. जूनमध्ये ईदला सलमानचा 'ट्यूबलाइट' आला, डिसेंबरमध्ये नाताळाच्या तोंडावर 'टायगर जिंदा है'. तोच माणूस, सहा महिन्यांचं अंतर. पहिल्याचा देशातला निव्वळ गल्ला १२० कोटींच्या आत अडकला, दुसऱ्याने ३०० कोटी सहज ओलांडले. 'ट्यूबलाइट'मध्ये सलमान रडत होता, मार खात होता. लोक बाहेर येऊन म्हणायचे, सगळं ठीक आहे, पण हा मारत का नाही कुणाला? वितरकांनी 'ट्यूबलाइट' सलमानच्या नावाच्या भावाने घेतला होता, त्यांचं एवढं नुकसान झालं की नंतर सलमानने त्यांना काही कोटी परत केल्याच्या बातम्या झळकल्या. त्यामुळे नुसतं 'नाव आहे का?' असं विचारून भागत नाही. हे नाव या गोष्टीत लोकांना बघायचं आहे का, हे बघावं लागतं.

याचं आमच्या गावाला जवळचं उदाहरण म्हणजे 'नटसम्राट'. मूळ नाटक तात्यासाहेब शिरवाडकरांचं, म्हणजे आमच्या कुसुमाग्रजांचं. १९७० साली रंगभूमीवर आलं तेव्हा अप्पासाहेब बेलवलकर केले डॉ. श्रीराम लागूंनी. २०१६ च्या १ जानेवारीला चित्रपट आला, त्यात नाना पाटेकर. नानांचं नाव मोठं होतंच, पण नानांचे न चाललेले चित्रपटही काही थोडेथोडके नाहीत. इथे म्हाताऱ्या, तापट, मोडून पडलेल्या नटाच्या भूमिकेत नाना, हे ऐकल्याबरोबर लोकांच्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहिलं. आयुष्यात कधी मॉलची पायरी न चढलेली ज्येष्ठ मंडळी त्या महिन्यात नातवाचा हात धरून आली. २०२५ मध्ये 'दशावतार'च्या वेळी तेच झालं. पोस्टरवर ८१ वर्षांचे दिलीप प्रभावळकर, तेही कोकणातल्या दशावतारी कलावंताच्या रूपात. हिंदीवाल्याला सांगितलं असतं की ऐंशी ओलांडलेला नट मुख्य भूमिकेत घेऊन गल्ला जमवू, तर तो हसला असता. गल्ला जमला.

कधी कधी तर खरा तारा नट नसतोच, ती भूमिका असते. विकी कौशल घ्या. डिसेंबर २०२३ मध्ये त्याचा 'सॅम बहादुर' लागला तेव्हा पहिल्या दिवसाचा आकडा सहा कोटींच्या आसपास होता. समोर 'अ‍ॅनिमल' होता हेही खरं. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याचाच 'छावा' आला आणि पहिल्याच दिवशी ३० कोटींच्या वर. सव्वा वर्षात विकी कौशल पाचपट मोठा झाला का? काम त्याने जीव ओतून केलं, त्याबद्दल वाद नाही. पण लोक आले ते संभाजी महाराजांसाठी. आमच्याकडे खेड्यांतून पिकअप भरून माणसं आली, शेवटी घोषणा झाल्या, लोक खुर्चीतून उठेनात. साफसफाईला दोन खेळांमध्ये वेळ मिळेना, एवढीच आमची तक्रार.

ही गोष्ट नवी नाही. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' दाखवला तेव्हा भारतीय सिनेमात तारा नावाचा प्रकारच जन्माला आला नव्हता. तारामतीचं काम करायला बाई मिळेना म्हणून हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंखे नावाच्या तरुणाला साडी नेसवली. चारच वर्षांनी 'लंकादहन'मध्ये याच साळुंख्यांनी राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या. लोकांची गर्दी झाली ती राम-सीतेसाठी. पडद्यावर देव दिसताहेत म्हटल्यावर नट कोण हे कुणी विचारलं असेल असं मला वाटत नाही. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे. तुम्ही नाशिकचेच, लहानपणी सहलीला गेला असाल.

दाक्षिणात्य चित्रपटांनी तर हा सगळा विषयच उलटापालटा केला. 'पुष्पा'चा पहिला भाग डिसेंबर २०२१ मध्ये हिंदीत लागला तेव्हा सुरुवात तीनेक कोटींची. आमच्यापैकी कित्येकांनी त्याला बाजूचा पडदा दिला होता. आठवड्यामागून आठवडे तो चढत गेला आणि हिंदीतून शंभर कोटींपुढे गेला. तीन वर्षांनी दुसरा भाग आला तेव्हा हिंदीचा पहिला दिवस ७२ कोटी. नट तोच, अल्लू अर्जुन. टीव्हीवर दुपारी लागणाऱ्या डब चित्रपटांमुळे चेहरा लोकांच्या ओळखीचा होता, पण त्याला हिंदी पट्ट्यात तारा केलं ते पुष्पा या माणसाने. आणि गंमत बघा, हिंदीत जो पुष्पा बोलतो तो आवाज आपल्या श्रेयस तळपदेचा आहे. हिंदी बाहुबलीचा आवाज शरद केळकरचा. लोकांनी ज्या ताऱ्यांवर जीव टाकला त्यांचा आवाज मराठी माणसांचा होता, आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नव्हता. नटाच्या नावावर तिकीट विकलं जातं म्हणणाऱ्याने यातून काय तो बोध घ्यावा.

तुमच्या डोक्यात एव्हाना 'सैराट' आला असेल. सगळ्या नव्या निर्मात्यांच्या डोक्यात तो येतोच. २९ एप्रिल २०१६ ला लागला, मुख्य जोडी पूर्ण नवखी, आणि जगभराचा गल्ला मराठीत कधी नव्हे तो शंभर कोटींच्या घरात गेला. पण याचा अर्थ कुणाच्याही नावाशिवाय चालला असा घेऊ नका. 'फँड्री'मुळे नागराज मंजुळे हे नाव लोकांना माहीत झालं होतं. अजय-अतुल हे तर मोठ्या नटाहून मोठं नाव. चित्रपट लागायच्या आधी 'झिंगाट' नाशिकच्या प्रत्येक वरातीत वाजत होतं. ती गाणी म्हणजेच त्या चित्रपटाचे तारे. २०२५ मध्ये 'सैयारा'ने हिंदीत तोच खेळ केला: दोन नवे चेहरे, महिनाभर आधीपासून कानात बसलेली गाणी, पहिल्या दिवशी वीस कोटींच्या वर. तुमच्याकडे तसं संगीत नसेल तर 'सैराट'चा दाखला देऊ नका, आम्ही वैतागतो.

तुमच्यासारख्यांना त्यापेक्षा 'बाईपण भारी देवा' जास्त शिकवेल. जून २०२३ च्या शेवटी लागला. रोहिणी हट्टंगडी, वंदना गुप्ते, सुकन्या मोने, सुचित्रा बांदेकर, शिल्पा नवलकर, दीपा परब. एकीलाही धंद्याच्या भाषेत 'ओपनिंग' असलेली, म्हणजे नुसत्या नावावर पहिल्या दिवशी गर्दी खेचणारी नटी म्हणणार नाहीत. पण घरातल्या बायकांना सगळ्या जणी ओळखीच्या, काही तर वर्षानुवर्षांच्या. पहिल्या आठवड्यात बरा धंदा, आणि दुसऱ्या आठवड्याचा गल्ला पहिल्यापेक्षा मोठा! हे आमच्या धंद्यात अधूनमधून एखाद्या वेळी घडतं. भिशीचे गट, महिला मंडळं, बचत गट, शाळेतल्या शिक्षिका एकत्र पन्नास-साठ तिकिटं काढून यायच्या, नऊवारी नेसून, गजरे माळून. दुपारचे जे खेळ कुणाला नको असतात तेच आधी भरायचे, कारण नवरा कामावर आणि मुलं शाळेत. त्या बायकांना कुणा ताऱ्याने बोलावलं नव्हतं. जावेने बोलावलं होतं, शेजारणीने बोलावलं होतं.

इथे दोन गोष्टींचा गोंधळ होऊ देऊ नका: चेहरा ओळखीचा असणं आणि त्या चेहऱ्यासाठी लोकांनी पैसे मोजणं. मालिकेतला नट घराघरांत पोचलेला असतो, नाशिकच्या रस्त्यावर उभा केला तर फोटोसाठी झुंबड उडते. निर्मात्याला वाटतं, याला घेतलं की झालं. पण जो चेहरा रोज रात्री घरात फुकट दिसतो त्याच्यासाठी दोनशे रुपये का द्यायचे, असा साधा हिशोब लोक करतात. नाटकात मात्र नटाच्या नावावर तिकीट जातं, याबद्दल मला शंका नाही. कालिदास कलामंदिरात प्रशांत दामलेंचा प्रयोग लागला की लोक आधी त्यांचं नाव वाचतात, नाटकाचं नंतर. साडेबारा हजारांच्या वर प्रयोग केलेला तो माणूस समोर, जिवंत, त्याच रात्री बघायला मिळणार असतो. पडद्यावरच्या नटाला तो फायदा नाही, शिवाय सहा-आठ आठवड्यांत तोच चित्रपट मोबाईलवर येणार हेही लोकांना पाठ झालंय.

अभ्यासकांनीही यावर डोकं घातलं आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या अनिता एल्बर्स यांनी २००७ मध्ये हॉलिवूडच्या बाराशेच्या आसपास घोषणा तपासल्या, म्हणजे अमुक नट अमुक चित्रपटात येतोय किंवा सोडतोय अशा बातम्या, आणि त्यानंतर त्या चित्रपटाकडून असलेली कमाईची अपेक्षा किती हलली ते पाहिलं. नटामुळे सरासरी तीस लाख डॉलरचा फरक दिसला. पण ज्या कंपन्या ते चित्रपट काढत होत्या त्यांच्या शेअरच्या किमतीवर काही परिणाम दिसला नाही. सरळ मराठीत सांगायचं तर नटाने जे आणलं ते बहुधा नटानेच नेलं. आणि आणखी एक गोम आहे: मोठ्या नटाकडे चांगली पटकथा, चांगला दिग्दर्शक आणि दणकट बॅनर आधी जातो. चित्रपट चालला तर तो नटामुळे की या सगळ्यामुळे, हे वेगळं काढणं भल्याभल्यांना जमलेलं नाही.

तिकिटाच्या भावाचंही असंच. २३ सप्टेंबर २०२२ ला राष्ट्रीय चित्रपट दिन म्हणून ७५ रुपयांत तिकीट ठेवलं होतं. त्या दिवशी नट, भाषा, समीक्षा, सगळं बाजूला पडलं. जे मिळेल ते लोकांनी बघितलं. तुम्हाला मल्टिप्लेक्सचे दर ठरवता येणार नाहीत, पण मंगळवारच्या सवलतीच्या दिवशी आपला चित्रपट पडद्यावर शिल्लक राहील एवढं बघा.

पहिल्या दिवसाच्या आकड्यांवर फार विश्वास ठेवू नका, हेही सांगून ठेवतो. हल्ली निर्माते स्वतःच घाऊक तिकिटं विकत घेतात. धंद्यात त्याला फीडिंग म्हणतात. मोबाईलवर खेळ लाल म्हणजे जवळजवळ भरलेला दिसतो, आत जाऊन बघावं तर ओळीच्या ओळी रिकाम्या. मोठ्या नावाच्या चित्रपटात हे जास्त चालतं, कारण तिथे अब्रूचा प्रश्न असतो. तुमचा वितरक ज्या आकड्यांच्या जोरावर तुम्हाला नावाची महती सांगतोय, त्यांतले काही असेही असतील.

आता तुमच्या पैशांबद्दल. निम्मं बजेट एका नटावर घालू नका, हे माझं स्पष्ट मत. त्यातला थोडा भाग खर्च करून दोन-तीन असे कलाकार घ्या ज्यांना बघून घरातली मोठी माणसं म्हणतील, हा आहे म्हणजे काहीतरी बरं असणार. ते मुख्य भूमिकेत असलेच पाहिजेत असं नाही, पण भूमिका खरी हवी. मोठ्या नटाला दोन प्रसंगांपुरता पाहुणा म्हणून आणायचं आणि पोस्टरवर त्याचाच चेहरा सर्वांत मोठा छापायचा, हा उद्योग करू नका. लोक मध्यंतरात तिकीट खिडकीशी येऊन भांडतात आणि त्यांची तोंडं आम्हाला बघावी लागतात. शिवाय अशा चित्रपटाचं शनिवारी संध्याकाळीच संपतं.

उरलेले पैसे प्रदर्शनासाठी वेगळे काढून ठेवा आणि शूटिंग लांबलं तरी त्याला हात लावू नका. चित्रपट पूर्ण करून हात रिकामे झालेले निर्माते मी फार बघितलेत. चित्रपट कोणत्या आठवड्यात लावता ते कोणत्याही नटाइतकंच महत्त्वाचं. ईद, दिवाळी, नाताळ हे आठवडे मोठ्यांना सोडून द्या. बोर्डाच्या परीक्षांमध्ये कुटुंबं फिरकत नाहीत, गणपतीत संध्याकाळचे खेळ ओस पडतात. निफाड, दिंडोरी, पिंपळगावकडून गाड्या भरून माणसं यायला हवी असतील तर द्राक्षाचे पैसे हातात आल्यानंतरचा काळ बघा. कांद्याचे भाव पडलेत अशा आठवड्यात ग्रामीण पट्ट्यात काहीही लावा, तिकीटबारीवर माशा मारत बसायची वेळ येते, मग पोस्टरवर कोणीही असो.

नट घेतलाच, तर करारात मानधनाइतक्याच ठळकपणे लिहून घ्या की तो प्रसिद्धीसाठी किती दिवस देणार आणि कोणत्या शहरांत येणार. पैसे घेऊन मोबाईलवर एक पोस्ट टाकून मोकळे होणारे पुष्कळ आहेत. नाव तुम्ही विकत घेता ते लोकांपर्यंत पोचावं म्हणून. तो माणूस घरी बसून राहिला तर ते होत नाही.

आणि त्या वितरकाकडे परत जा. चित्रपट घेण्याच्या पद्धती त्याला माहीत आहेत, तुम्हीही समजून घ्या. मिनिमम गॅरंटी म्हणजे चित्रपट चालो न चालो, ठरलेली रक्कम तो तुम्हाला आधीच देतो, तोटा त्याचा. अ‍ॅडव्हान्स म्हणजे तो पैसे उचल म्हणून देतो, कमी पडले तर तुमच्याकडून वसूल करतो. कमिशन म्हणजे पैसे सगळे तुमचे, तो फक्त लावून देतो आणि आपली टक्केवारी कापून घेतो. त्याला एवढंच विचारा: आम्ही तुम्ही म्हणता ते नाव घेतलं, तर त्या नावावर तुम्ही मिनिमम गॅरंटी किती देता? त्याने आकडा सांगितला तर तो आणि नटाचं मानधन शेजारी मांडून बघा. आणि तो म्हणाला की मी कमिशनवरच लावीन, तर मानधनाचा धोका सगळा तुमच्या डोक्यावर आहे हे धरून मगच त्या नटाला फोन करा.